खाण्याच्या विकारांवरचे ऑनलाइन उपचार वॉर्डातल्या दवाखान्याशी जोडा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच केईएम, सायन, नायर आणि कूपर रुग्णालयांचे बालरोग व मानसोपचार विभाग

सविनय नमस्कार.

किशोरवयीन मुलांच्या खाण्याच्या विकारांवर मुंबईत काम करणारे आम्ही डॉक्टर, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक हे पत्र एका मागणीसाठी लिहीत आहोत. या मुलांवर आणि त्यांच्या घरच्यांवर व्हिडिओ कॉलवरून उपचार करता येतात आणि मुंबईसारख्या शहरात ते तसेच व्हायला हवेत. पण ज्या मुलाशी पडद्यावर बोलणं चालू आहे, त्याचं वजन, नाडी आणि रक्तदाब दर आठवड्याला कुणीतरी प्रत्यक्ष मोजलेच पाहिजेत. ते काम घराजवळच्या ‘आपला दवाखाना’त किंवा महापालिकेच्या दवाखान्यात होऊ शकतं. आज बाजारात मिळणाऱ्या ऑनलाइन समुपदेशनात बहुधा हाच दुवा नसतो, आणि मूल दगावण्याचा धोका नेमका तिथेच असतो.

आधी ऑनलाइन का, ते सांगतो. किशोरवयातल्या ॲनोरेक्सियावर (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या विकारावर) सर्वांत जास्त पुरावा असलेला उपचार म्हणजे कुटुंबाधारित उपचार. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980च्या दशकात त्याची घडण झाली. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ संस्थेची 2017ची मार्गदर्शिका वर्षभरात 18 ते 20 सत्रं सुचवते, आणि सुरुवातीची सत्रं जवळजवळ दर आठवड्याला असतात. आता दहिसर किंवा मानखुर्दच्या घराचा विचार करा. आईबाबा दोघंही नोकरीवर, मुलगी दहावीत, तिला उभं राहिलं की चक्कर येते. तिला दर मंगळवारी लोकलच्या गर्दीतून परळला आणायचं म्हणजे दोघांच्या रजा, तिची शाळा आणि जेमतेम पोटात गेलेलं अन्न, सगळंच खर्ची पडतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर घरचे यायचे थांबतात. त्यातून हा उपचार मुळात घरातल्या ताटावरच चालतो. उपचार करणारे आईवडीलच असतात; तज्ज्ञ त्यांना शिकवतो, सावरतो, हट्ट न सोडायला सांगतो. त्यामुळे तज्ज्ञ पडद्यावर असला तरी उपचाराच्या गाभ्याला धक्का लागत नाही.

उपचाराचे तीन टप्पे असतात. पहिल्यात काय, किती आणि कधी खायचं हे सर्वस्वी आईवडील ठरवतात. वजन मार्गाला लागून जेवणावरची भांडणं निवळली की दुसऱ्या टप्प्यात खाण्याचा ताबा हळूहळू मुलाकडे परत जातो: आधी मधल्या वेळचं खाणं, मग शाळेचा डबा, मग मैत्रिणींबरोबर बाहेरचं. तिसऱ्यात वयाचे बाकीचे प्रश्न येतात, म्हणजे अभ्यास, मैत्री, स्वतःबद्दलची मतं. पहिल्या टप्प्यात ‘तू का खात नाहीस’ हे खोदत बसायचं नसतं. उपाशी मेंदूकडे त्याचं उत्तर नसतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 निरोगी पुरुषांना काही महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा तेही चिडचिडे झाले, एकटे राहू लागले, अन्नाचे विचित्र नियम पाळू लागले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. उपासमारीचा मनावर होणारा परिणाम अन्नानेच ओसरतो. म्हणून घरोघर दिला जाणारा ‘मागे लागू नका, भूक लागली की खाईल’ हा सल्ला या आजारात घातक आहे. या मुलांना भुकेच्या हवाली करून चालत नाही.

ताटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तज्ज्ञाचं पडद्यावरचं निम्मं काम तिथेच असतं.

तीन जेवणं आणि दोन-तीन मधल्या वेळची खाणी, दोन खाण्यांत तीन तासांपेक्षा जास्त अंतर नाही. ताट आई किंवा बाबा वाढतात. वाढताना मूल स्वयंपाकघरात नसतं, कारण ओट्याशी सुरू झालेली घासाघीस ताटापर्यंत संपत नाही. जेवणाला साधारण अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा-वीस मिनिटं. जेवण झाल्यावर तासभर मूल कुणाच्या तरी सोबत असतं आणि बाथरूमला जायचं ते जेवणाआधी जाऊन येतं. एक मोठा माणूस शेजारी बसतो आणि स्वतःही जेवतो. पोळीचे नखाएवढे तुकडे करणं, भात ताटाच्या कडेला पसरवणं, तूप पोळीवरून निपटून काढणं, दर घासाला पाणी, मध्येच उठून पंखा लावणं, हे सगळं दिसेल. त्यावर व्याख्यान द्यायचं नाही. ‘हा घास घे’, ‘आता पुढचा’, ‘मी इथेच आहे’ एवढंच, शांतपणे, गरज पडली तर वीस वेळा. रागावणं चालत नाही, गयावया करणंही नाही. कॅलरींचा हिशेब मुलासमोर कधीच नाही.

आजारातून उठणाऱ्या मुलाला बहुतेकदा दिवसाला 3000 कॅलरींच्या आसपास, काहींना त्याहूनही जास्त लागतात. हा आकडा ऐकून आई घाबरते आणि पोळ्यांची चळत वाढते. पण उपाशी पोट सावकाश रिकामं होतं, थोडक्याने तट्ट होतं, आणि मूल खरोखरच कळवळतं. म्हणून ताटाचा आकार तोच ठेवून ताकद वाढवायची. दिवसभरात दोन मोठे चमचे तूप वरणभातात, पोळीवर आणि शिऱ्यात जिरवलं की सुमारे 250 कॅलरी होतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाण्यांचं कूट भाजीत आणि कोशिंबिरीत गेलं की सुमारे 170. पाव लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध दोनशेच्या वर जातं; त्यात दोन चमचे दूध पावडर घातली तर आणखी सत्तर-ऐंशी. थालीपीठ लोण्याबरोबर, शिकरण, दाण्याचा लाडू, पनीर भुर्जी हे चांगलं. काकडीची कोशिंबीर, सूप, ताक, मुरमुरे यांनी पोट भरतं पण वजन हलत नाही, आणि मूल नेमकं तेच मागतं. घरी दर आठवड्याला सुमारे अर्धा किलो वाढ होत राहिली पाहिजे.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं. हृदय, श्वास आणि मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि जीवही जाऊ शकतो. धोका पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक. म्हणून सुरुवात करण्याआधी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम, साखर आणि ईसीजी व्हायलाच हवेत. रक्ताच्या तपासण्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कराव्या लागतात आणि थायामिन (ब1 जीवनसत्त्व) सुरू करावं लागतं. जास्त धोक्यातल्या मुलाची सुरुवात रुग्णालयातच. हा निर्णय पडद्यावरून घेता येत नाही.

पडद्याची मांडणीही शिकवावी लागते. दुसऱ्या सत्रात सगळं कुटुंब तज्ज्ञासमोर जेवतं. आपल्याकडे बरीच घरं जमिनीवर बसून जेवतात. तेव्हा फोन उलट्या डब्याला टेकवून, सगळ्यांचे हात आणि ताटं दिसतील असा ठेवावा. नुसता चेहरा दिसून काही उपयोग नाही. सत्र सुरू होताच कुटुंब या क्षणी कुठे आहे तो पूर्ण पत्ता, दुसरा फोन नंबर आणि सर्वांत जवळचं रुग्णालय लिहून घ्यायचं. मूल कॉलवर कोसळलं तर रुग्णवाहिका कुठे पाठवायची हे तेव्हा विचारत बसता येत नाही. 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच आणि त्याची ओळख पटवावी लागते. रेकॉर्डिंग नाही. नेट गेलं तर साध्या फोनवर सत्र पुरं करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. आणि दहा बाय दहाच्या खोलीत मुलाला तज्ज्ञाशी एकट्याने दहा मिनिटं बोलायचं असेल तर? बाकीच्यांनी गॅलरीत किंवा जिन्यात जायचं. तेही जमत नसेल तर मूल हेडफोन लावून ऐकतं आणि उत्तरं टाइप करतं. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचं असतं, तेव्हा ही दहा मिनिटं सोडता येत नाहीत.

आता पडद्यावर जे होत नाही त्याकडे येतो. घरचा वजनकाटा फरशीच्या उताराप्रमाणे, बॅटरीप्रमाणे बदलतो. घाबरलेलं मूल वजनाआधी पोटभर पाणी पितं, कपड्यांत काही लपवतं. हा आजाराचा भाग आहे, लबाडी नव्हे. कॅमेऱ्यात खांद्यापासून वरचा भाग दिसतो, अंगात स्वेटशर्ट असतो आणि चेहरा बराच काळ ठीक दिसतो. रक्ताचे अहवालही बऱ्याचदा शेवटपर्यंत नॉर्मल येतात. नाडी मात्र खोटं बोलत नाही. पण आडवं आणि उभं करून नाडी-रक्तदाब मोजायला माणूस लागतो.

यावरचा मार्ग ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तपासून झाला आहे. तिथल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 साली आले. 107 किशोरवयीन मुलांपैकी निम्म्यांच्या कुटुंबांना नेहमीप्रमाणे एकत्र बसवलं. उरलेल्यांत परिचारिकेने मुलाला सुमारे पंधरा मिनिटं भेटून वजन-नाडी पाहिली आणि तज्ज्ञाने फक्त आईवडिलांशी पन्नास मिनिटं काम केलं. उपचार संपताना या दुसऱ्या गटात 43 टक्के मुलं पूर्ण बरी होती, पहिल्यात 22 टक्के. पुढच्या काळात हा फरक कमी झाला, पण वेगळ्या बैठकीमुळे कुणाचं नुकसान झालं नाही. मुंबईला हा साचा नेमका बसतो. मूल संध्याकाळी चालत दवाखान्यात परिचारिकेकडे जाईल, आणि आईवडील ते झोपल्यावर किंवा बाबांची शिफ्ट संपल्यावर फोनवर तज्ज्ञाकडे बसतील. एका खोलीत सगळ्यांना एकाच वेळी गोळा करण्याची कसरत संपते, आणि ‘तुझ्यामुळे आम्हाला हे करावं लागतंय’ असे शब्द मुलाच्या कानावर पडत नाहीत.

परिचारिकेचं काम ठरलेल्या क्रमाने व्हावं. मूल आधी लघवी करून येतं. पट्टीवर लघवीची घनता पाहायची, फार पातळ असेल तर पाणी पिऊन आल्याची शंका घ्यायची. मग चपला आणि जाड कपडे काढून, खिसे रिकामे करून वजन. काटा 100 ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि दर वेळी तोच. आकडा मुलाला दाखवायचा की नाही हे तज्ज्ञाने आधी कळवलेलं असतं. पाच मिनिटं आडवं ठेवून नाडी आणि रक्तदाब, मग दोन मिनिटं उभं ठेवून पुन्हा तेच. कफ दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडावर मोठ्यांचा कफ लावला तर आकडा चुकीचा येतो. तापमान. महिन्यातून एकदा उंची. हे सगळं पडद्याआड, रांगेतल्या लोकांसमोर नाही. आणि वजनावर एक शब्दही बोलायचा नाही. ‘छान, दीड किलो वाढलं’ हे कौतुक या मुलांना शिक्षेसारखं लागतं आणि त्या रात्रीचं जेवण बंद होतं. ‘शाळेत काय चाललंय’ हे विचारावं. नोंद सत्राआधी तज्ज्ञाकडे पोहोचली पाहिजे.

जागेपणी नाडी 50च्या खाली, रक्तदाब 90/45च्या खाली, तापमान 35.6 अंश सेल्सिअसच्या खाली, उभं राहिल्यावर नाडी 40 पेक्षा जास्त वाढणं किंवा वरचा रक्तदाब 20 पेक्षा जास्त उतरणं, ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबणं, पोटॅशियम किंवा फॉस्फेट कमी, बेशुद्धी, खाणं-पिणं पूर्ण बंद, आत्महत्येचा धोका: यांपैकी एकही असेल तर त्याच दिवशी खाट मिळाली पाहिजे. खाट बालरोग विभागात हवी, कारण पहिले काही दिवस प्रश्न हृदयाचा आणि क्षारांचा असतो. मानसोपचार विभागाने तिथे येऊन पाहावं. रात्री मॉनिटर लावावा, झोपेत नाडी आणखी उतरते. आई किंवा बाबांनी वॉर्डातही शेजारी बसून भरवावं, म्हणजे घरी गेल्यावर सूत्र तुटत नाही. पूर्ण वजन येईपर्यंत ठेवण्याची गरज नसते. प्रकृती स्थिर झाली की घरी, आणि एक-दोन दिवसांत पडद्यावरचं सत्र.

हे सगळं बहुधा कॅज्युअल्टीच्या दारात फसतं. अहवाल नॉर्मल आहेत, मुलगी नीट बोलते, वजनही ‘तितकं कमी नाही’, म्हणून परत पाठवलं जातं. नाडी 46 असेल तर ‘खेळाडू असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. मुलांना मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) लावू नये. भारतीय बालरोग संघटनेचे 2015चे वाढीचे तक्ते लावावेत आणि मूल आधी कोणत्या रेषेवर होतं ते पाहावं. 75व्या रेषेवरून 25व्यावर घसरलेलं मूल तक्त्यात ‘सामान्य’ दिसतं, पण त्याचं हृदय उपाशी असू शकतं. ओपीडीत आणखी तीन गोष्टी घडतात. भूक वाढवण्याचं सिरप दिलं जातं, पाळी आणण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जातात, किंवा लोहाचं टॉनिक देऊन तीन महिन्यांनी बोलावलं जातं. गोळ्यांनी पाळी आली की सगळ्यांना हायसं वाटतं, पण हाडांची झीज थांबत नाही आणि वजन पुरेसं नसल्याची महत्त्वाची खूण पुसली जाते.

श्रावण, नवरात्र, पर्युषण, रमजान या काळात आजार उपवासामागे सहज लपतो, आणि घरात त्याचं कौतुकही होतं. पहिल्या टप्प्यात उपवास नाही, हे आजी-आजोबांना कॉलवर घेऊनच ठरवावं. आजारी माणसाला उपवासातून सूट बहुतेक परंपरा देतात. हे आजीच्या तोंडून आलं की मूल ते मानतं. पाहुण्यांनी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणू नये, ही सूचनाही आजीच उत्तम पोहोचवते.

सगळेच विकार बारीक होण्याच्या हव्यासातून येत नाहीत. घशात अडकण्याची भीती, वास आणि स्पर्श सहन न होणं, यांमुळे मोजकेच पदार्थ खाणारी मुलं असतात. त्यांना कुटुंबाची साथ लागतेच, पण नव्या पदार्थांची सवय चिमूटभराने लावावी लागते. बुलिमियात (भरपूर खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या विकारात) वजनावरून काही कळत नाही, पोटॅशियम तपासावं लागतं, आणि सत्रं साधारण सहा महिन्यांत 18 ते 20 होतात. मुलगे तर हमखास नजरेतून सुटतात, कारण त्यांचं जेवण तोडणं ‘जिमचं डाएट’ म्हणून खपतं.

ऑनलाइन उपचार कुणाला द्यायचे नाहीत, हेही लिहून ठेवावं लागेल. वरच्या धोक्याच्या खुणा असलेल्यांना नाही. ज्या घरात मारहाण किंवा अत्याचार आहे तिथे नाही. तिथे आईवडिलांच्या हाती ताटाचा पूर्ण ताबा देणं मुलाला आणखी अडकवणं आहे. आणि चार आठवडे होऊनही वजन दोन-सव्वादोन किलोंनी वाढलं नसेल, तर आहे तेच पुढे रेटू नये. सत्रं आठवड्यातून दोन करावीत, सुट्टी काढून एका पालकाने घरी राहावं, किंवा काही दिवस दाखल करावं. हा उपचार सगळ्यांना लागू पडतो असा आमचा दावा नाही. 2010च्या अमेरिकी चाचणीत उपचारानंतर वर्षभराने सुमारे 49 टक्के मुलं पूर्ण बरी होती. ज्या मुलांवर एकट्याने उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण 23 टक्के होतं. निम्म्यांना याहून जास्त काही लागतं, म्हणूनच खाटेची सोय आधी हवी.

शाळांकडून दोनच गोष्टी हव्यात. आरोग्य तपासणीत वर्गासमोर वजन मोजून मोठ्याने सांगणं महापालिकेच्या शाळांत बंद व्हावं. आणि उपचार चालू असलेल्या मुलाच्या मधल्या सुट्टीत कुणी शिक्षिका डबा संपेपर्यंत सोबत बसावी. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत पीटी नाही.

पैशांबद्दल: 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21(4) विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगतं. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘अशक्तपणा’ न लिहिता खरं निदान लिहा, म्हणजे कुटुंबाला दाव्यासाठी भांडता येईल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मुंबईतून अशा मुलाबद्दल फोन आला तर कुठे पाठवायचं, हेही त्यांना कळवून ठेवा.

सुरुवात एका रुग्णालयापासून आणि त्याच्या भोवतालच्या दोन वॉर्डांपासून करावी. एक बालरोगतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ, कुटुंबोपचार शिकलेले दोन समुपदेशक, अर्धवेळ आहारतज्ज्ञ आणि प्रत्येक निवडलेल्या दवाखान्यात दोन परिचारिका, कारण एकीची रजा असली तरी त्या आठवड्याचं वजन चुकता कामा नये. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर वरच्या आकड्यांचा एक कागद आणि बालरोग विभागाचा, चोवीस तास उचलला जाणारा, एक फोन. परिचारिकांचं प्रशिक्षण, नोंदीचा तक्ता आणि पालकांसाठी मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू पत्रकं आम्ही विनामूल्य करून देऊ. पहिल्या बैठकीला विभागप्रमुखांबरोबर दवाखान्यातल्या परिचारिकांनाही बोलवावं. कोणत्या वेळी खोली रिकामी असते आणि काटा कुठे ठेवता येईल, हे त्याच सांगू शकतील.

आपले,
मुंबईत किशोरवयीन मुलांच्या खाण्याच्या विकारांवर काम करणारे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक